चौदा दिवस कोणाचे?

चैत्र उतरणीला लागला की आमच्या पर्वत पाटियाच्या वस्तीत पूर्वी लग्नपत्रिका फिरू लागत. आताही फिरतात, परंतु त्यांच्या जोडीला अलीकडे आणखी एक कागद घरोघरी दिसू लागला आहे. तो म्हणजे उन्हाळी प्रवासाचा आराखडा. एक मोठी गाडी, एक-दोन कुटुंबे, दोन आठवडे, चार-सहा शहरे आणि तीन-चार राष्ट्रीय उद्याने असा त्याचा साधारण घाट असतो. यंदा असाच एक आराखडा आमच्या परिचयातील एका कुटुंबाने आमच्यापुढे ठेवला. घरचा कर्ता मुलगा म्हणाला, "नाना, एकदा नजर टाका. काही राहून गेले असेल तर सांगा."

आराखडा मोठा नेटका होता. पहाटे पाचला सुरत सोडावयाची. बारडोली, व्यारा, सोनगढ, नवापूर, धुळे, जळगाव करीत रात्री अकोला. मग दोन रात्री मेळघाट, एक नागपूर, दोन ताडोबा, एक पेंच, दोन कान्हा, एक जबलपूर, दोन भोपाळ, एक इंदूर आणि चौदाव्या दिवशी रात्रीपर्यंत घरी. अंतर अडीच हजार किलोमीटरांच्या घरात. जंगलातील फेऱ्यांची परवानगी कित्येक आठवडे आधी काढावी लागते, प्रत्येकाच्या ओळखपत्राचा क्रमांक द्यावा लागतो, मंगळवारी ताडोबाचा गाभा बंद असतो, बुधवारी दुपारी कान्हा बंद असते. हे सारे वार जुळवणे म्हणजे लग्नाचा मुहूर्त सर्वांच्या सोयीने काढण्याहून अवघड काम. ते या मुलाने उत्तम केले होते. राहून गेलेले काही नव्हतेच. मात्र पहिल्या दिवसाच्या रकान्यात एक ओळ होती: '११.३० ते १.०० – गाव. जेवण. आत्याची भेट.'

आत्या म्हणजे त्याच्या वडिलांची थोरली बहीण. वय ऐंशीच्या पुढे. पारोळ्यापासून थोडे आत असलेल्या मूळ गावी ती घर सांभाळून एकटी राहते. महामार्ग पारोळ्यावरूनच जातो, त्यामुळे वाट फारशी वाकडी करावी लागत नाही आणि भेटही होते, अशी ती सोय होती. आमची नजर त्या दीड तासावर अडली. आत्याला वेळ कमी दिला म्हणून नव्हे. तो तिला 'दिला' गेला होता, याचे आम्हाला नवल वाटले. कारण आमच्या पिढीला मे महिना हा मुळातच आत्या-मामांचा वाटत असे, आणि त्यातून आपल्यासाठी दोन दिवस मागून घ्यावे लागत.

तेव्हा प्रश्न असा पडतो की, वर्षातले हे चौदा दिवस असतात तरी कोणाचे? ज्याने वर्षभर कापड मार्केटात उभे राहून ते कमावले त्याचे, हे सहज सुचणारे उत्तर. आणि ते चुकीचे आहे असे आम्ही म्हणणार नाही. परंतु ते पुरेसे आहे असेही वाटत नाही. माणसाच्या पैशावर कोणाकोणाचा हक्क पोचतो याचा हिशेब आपण करतो. त्याच्या मोकळ्या वेळेवर कोणाचा हक्क पोचतो, याचा हिशेब कोणी करीत नाही. आणि प्रवासाचा आराखडा म्हणजे नेमका तोच हिशेब असतो, केवळ तो तसा म्हणून मांडलेला नसतो.

सुरतेतल्या जुन्या मराठी घरांना पूर्वीचा मे महिना वर्णन करून सांगावयास नको. उधन्याहून तापी व्हॅलीच्या मार्गावरची पॅसेंजर. ट्रंका, वळकट्या, पाण्याची सुरई. मढी, व्यारा, सोनगढ, नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, शिंदखेडा, अमळनेर, धरणगाव. १९६० साली राज्ये वेगळी झाली आणि सीमा नवापूरच्या स्थानकातूनच गेली. फलाटाचा एक भाग गुजरातेत आणि एक महाराष्ट्रात, याची गंमत प्रत्येक पिढीतल्या मुलांना नव्याने वाटत आली आहे. गावी पोचावयाचे ते बहुधा आखाजीच्या आधी. खानदेशात अक्षय्य तृतीयेला सासुरवाशिणी माहेरी येतात, झोके बांधले जातात, गौराई बसते. त्या सणाला लेक आली नाही तर आईच्या घशाखाली घास उतरत नसे. पुढचे दिवस लग्ने, बांधावरून चाललेली भावकीतली भांडणे, कोणाच्या तरी दुखण्याची चौकशी, कोणाच्या तरी मुलाला सुरतेत काम लावून देण्याची बोलणी यांत जात. त्याला प्रवास म्हणावे असे कोणालाच वाटले नसते. आणि आराखडा कशाला करावयाचा? जाण्याचा दिवस तेवढा ठरलेला असे. परतण्याचा दिवस गाव ठरवीत असे.

हे लिहिताना आमच्या लेखणीला गहिवर फुटू लागला आहे, याची आम्हाला जाणीव आहे. म्हणूनच त्या घरच्या सुनेने आम्हाला जे ऐकवले ते येथे जसेच्या तसे नोंदवणे आवश्यक वाटते. आम्ही गावाविषयी असेच काही बोलू लागलो, तेव्हा ती चहाचा ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, "नाना, गाव आले की तुमची सुट्टी सुरू व्हायची. आमच्या सासूबाईंची आणि माझी संपायची."

या वाक्यावर आम्ही बराच विचार केला. गावच्या त्या रमणीय मे महिन्यात वीस-पंचवीस माणसांचा स्वयंपाक कोण करीत होते? कुरडयांचा चीक पहाटे कोण घाटत होते, बिबड्या कोण थापत होते, वर्षाच्या शेवया आणि पापड उन्हात टाकून राखण कोण करीत होते? खापरावरचे मांडे आम्ही मिटक्या मारीत खाल्ले. भट्टीसारख्या चुलीपुढे वैशाखात बसलेली बाई आमच्या आठवणीत नाही, मांडे आहेत. विहिरीचे पाणी तळाला गेलेले असताना ते शेंदणारे हात आठवणीत नाहीत, पाण्याचा गारवा आहे. गावाचा आमच्या वेळेवर हक्क होता असे आम्ही मोठ्या तोऱ्याने म्हणतो, तेव्हा त्या हक्काची वसुली प्रत्यक्षात घरातल्या स्त्रियांच्या अंगमेहनतीतून होत होती. पुरुषांनी ओसरीवर बसून ऋण मान्य करावयाचे आणि बायकांनी ते चुलीपाशी फेडावयाचे, अशी ती वाटणी होती. चौदा दिवस हॉटेलात राहणे हा या सुनेला चैनीचा भाग वाटत नाही. दुसऱ्या कोणीतरी केलेला चहा अंथरुणात मिळणे ही तिच्या आयुष्यातली पहिली खरी सुट्टी आहे. ज्यांना गावाकडच्या जुन्या उन्हाळ्याची महती गावयाची असेल त्यांनी आधी या बाईला उत्तर द्यावे. आमच्यापाशी चांगले उत्तर नाही.

तरीही प्रश्न मिटत नाही. तो केवळ अधिक अवघड होतो. सुनेला विश्रांतीचा हक्क आहे आणि आत्याला भेटीचा हक्क आहे. दोन्ही हक्क खरे असताना ज्याच्या हातात पेन्सिल असते तो काय करतो, हे पाहावयाचे. आमच्या मते या आराखड्यातील खरी अडचण अशी की, त्याने दोघींनाही विचारले नव्हते. सुनेसाठी हॉटेले निवडली गेली होती, पण वाघ पाहावयाचा की नर्मदेच्या काठी भेडाघाटला दोन दिवस नुसते बसावयाचे हे तिला विचारले नव्हते. आत्याला तर फोनवर दिवस आणि वेळ कळवण्यात यावयाची होती. कांट हा जर्मन तत्त्वज्ञ आपल्या क्योनिग्सबर्गच्या परिसराबाहेर आयुष्यात फारसा गेला नाही, आणि तरी वर्षानुवर्षे भूगोलावर व्याख्याने देत राहिला. प्रवासाच्या बाबतीत त्याचा दाखला देणे काहींना विनोदी वाटेल. परंतु माणसाला केवळ साधन म्हणून वागवू नये, हे त्याचे म्हणणे प्रवासाच्या रकान्यांना जितके लागू पडते तितके क्वचितच कशाला पडत असेल. दीड तासाची आत्या ही जेवणाची सोय आणि कर्तव्याची खूण, अशी दोन्ही कामे एकदम उरकते. जाता जाता सांगावयाचे म्हणजे, या विषयाचा अभ्यास करण्यासाठी जर्मनीला जाण्याचे कारण नाही. प्रताप शेटजींनी १९१६ साली स्थापन केलेले तत्त्वज्ञान मंदिर पारोळ्याहून जवळच, अमळनेरला आहे. साने गुरुजी शिकवीत ती शाळाही त्याच गावात. चौदा दिवसांच्या त्या आराखड्यात त्यांपैकी कशालाच रकाना नव्हता, आणि त्याबद्दल आम्ही मुलाला दोष देत नाही. आमच्यापैकी तरी किती जण तेथे उतरले?

रस्त्याविषयीही दोन शब्द लिहिले पाहिजेत. पर्वत पाटियाहून कडोदऱ्याकडे आणि पुढे बारडोलीकडे जाणारा रस्ता आपल्या लोकांच्या पायाखालचा आहे. १९९४ च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीने सुरत रिकामी होऊ लागली तेव्हा आपली माणसे मिळेल त्या वाहनाने याच दिशेने निघाली. २०२० च्या टाळेबंदीत पुन्हा तेच दृश्य दिसले; त्या वेळी अनेकांच्या वाट्याला वाहनही आले नाही. सोनगढला किल्ला दिसतो ती गायकवाडांची पहिली राजधानी, हे आपण मुलांना अभिमानाने सांगतो. पण तेथेच डाव्या हाताला उकाईचा जलाशय राहतो, त्याविषयी सहसा बोलत नाही. १९७२ साली ते धरण पुरे झाले. त्याच्या पोटात शंभराहून अधिक गावे गेली. त्यांत सोनगढ, उच्छल, निझरकडची आदिवासी गावे होती आणि आजच्या नंदुरबार जिल्ह्यातलीही होती. सुरत ज्या तापीच्या पाण्यावर जगते ते पाणी या गावांच्या छातीवरून येते. दुसऱ्याच्या सोयीसाठी गाव उठणे म्हणजे काय, याचा पहिला धडा असा पहिल्याच दिवशी नाश्त्याच्या वेळेस रस्त्याच्या कडेला उभा असतो. पुढच्या साऱ्या जंगलांत तोच धडा पुन्हा वाचावा लागणार आहे, म्हणून तो येथे सांगितला.

जंगलाकडे वळू. उन्हाळ्यात जंगलात का जावयाचे, असे आम्ही त्या मुलाला विचारले. त्याने तत्परतेने सांगितले की, मे महिन्यात पानगळ झालेली असते, लांबवरचे दिसते. नाले आटतात, मोजकेच पाणवठे उरतात आणि जनावराला तेथे यावेच लागते. माहिती अगदी बरोबर आहे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री महाराष्ट्रातील जंगलांत मचाणावर बसून प्राण्यांची नोंद करतात तीही याच कारणाने. पण 'यावेच लागते' या शब्दांपाशी आम्ही थबकलो. ज्या ऋतूत प्राणी तहानेने सर्वाधिक अगतिक असतो तोच आपल्या पाहण्याचा उत्तम ऋतू. शेजाऱ्याच्या घरी पाणी भरण्याच्या वेळेस मुद्दाम जाऊन बसण्यासारखे हे आहे. तेथे जाऊ नये असे आमचे म्हणणे नाही. परंतु जाणाऱ्याने स्वर थोडा खाली ठेवून जावे, एवढे तरी त्यातून निघते. पावसाळ्यात ही उद्याने, निदान त्यांचे गाभे, बंद ठेवले जातात. आपल्या परंपरेत जैन मुनी आणि बौद्ध भिक्षू नेमक्या याच महिन्यांत प्रवास थांबवीत आले, पायाखाली जीव चिरडू नयेत म्हणून. वनखात्याने नियम करताना चातुर्मासाची आठवण ठेवली होती असे नव्हे. तरीही फिरण्याला वर्षातून काही काळ बंदी असावी, या विचाराला आपल्याकडे जुने घर आहे.

स्वर खाली ठेवण्याची गरज आहे याला अलीकडचा दाखला देता येतो. २०२४ च्या अखेरीस उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात गोठणगावच्या बाजूला पर्यटकांच्या गाड्यांनी एका वाघिणीला आणि तिच्या बछड्यांना दोन्हीकडून अडवून धरले. चित्रफिती सर्वत्र पसरल्या, आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाला स्वतःहून त्याची दखल घ्यावी लागली. त्या गाड्यांतली माणसे क्रूर होती असे आम्हाला वाटत नाही. ती तुमच्या-आमच्यासारखीच सुट्टीवर निघालेली, मुलांना वाघ दाखवण्याचा शब्द दिलेली माणसे असणार. अमुक तारखेला, सकाळच्या फेरीत, पैसे भरून, वाघ. असे एकदा रकान्यात लिहिले की वाघ न दिसणे ही फसवणूक वाटू लागते. मग चालकावर दबाव येतो. चालक आणि वाटाडे बहुधा आसपासच्या खेड्यांतलेच असतात. पाहुणे नाराज होऊन गेले तर बक्षिसी बुडते. त्या खेड्यातल्या माणसाची भाकरी आणि वाघिणीची वाट यांच्यामध्ये आपली अपेक्षा उभी राहते, आणि ती आपल्याला दिसत नाही, कारण आपण दुर्बिणीतून दुसरीकडे पाहत असतो. २०१२ च्या जुलैत सर्वोच्च न्यायालयाने व्याघ्र प्रकल्पांच्या गाभ्यातील पर्यटनाला अंतरिम मनाई केली होती. ती ऑक्टोबरात उठली, आणि गाभ्याच्या जास्तीत जास्त वीस टक्के भागातच पर्यटन असावे अशी मार्गदर्शक तत्त्वे आली. नियमाने भाग ठरवता येतो. हाव किती ठेवावयाची ते ठरवता येत नाही.

आता या उद्यानांच्या पोटातली गावे. मेळघाट हा १९७३ च्या व्याघ्र प्रकल्पातील पहिल्या नऊ क्षेत्रांपैकी एक. तेथील बोरी, कोहा, कुंड ही कोरकूंची गावे या शतकाच्या आरंभी जंगलाबाहेर हलवली गेली. पुढे आणखी गावे उठली. उठणाऱ्या कुटुंबाला पूर्वी एक लाख रुपये मिळत. २००८ पासून दहा लाख आणि २०२१ पासून पंधरा लाख, असा दर ठरला. कान्ह्याची गोष्ट तर आम्हाला रात्री झोप लागू देत नाही. तेथे दलदलीत न राहता टणक जमिनीवर राहणारा बारशिंगा आहे. १९७० मध्ये त्यांची संख्या ६६ वर आली होती. एक जात कायमची नाहीशी होण्याच्या बेतात होती. ती वाचली, आणि ती वाचण्याचे एक कारण असे की, जंगलातली सौंफसारखी गावे उठवली गेली आणि त्यांच्या शेतांवर गवत वाढले. त्या गवतात बारशिंग्यांनी पाडसे वाढवली. पर्यटक आज जे विस्तीर्ण हिरवे मैदान पाहून 'काय हे निसर्गाचे लेणे' म्हणतात, तशी अनेक मैदाने म्हणजे बैगा आणि गोंड कुटुंबांची जुनी शेते आणि अंगणे आहेत.

येथे सोपा निवाडा नाही. गावे उठली नसती तर बारशिंगा उरला असता काय, याची शंका येते. बारशिंगा वाचला म्हणून गाव उठण्याचे दुःख भरून आले, असेही म्हणवत नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने आदिवासींचा जंगलावरील हक्क मान्य केला; त्याच वर्षी वन्यजीव कायद्यात दुरुस्ती होऊन वाघांसाठी अबाधित क्षेत्रांची तरतूद झाली. दोन्ही एकाच संसदेने केले, आणि दोन्हीमागे न्यायाचीच भावना होती. परंतु या तराजूत एक तिसरे पारडे आहे, त्याचे कोणी वजन करीत नाही. ते म्हणजे आपले. बैगाला जंगल सोडावे लागले ते वाघासाठी आणि बारशिंग्यासाठी. आपल्यासाठी नव्हे. त्याने रिकामी केलेल्या जागेत आपण गाडी घेऊन आत जातो, ते कोणत्या अधिकाराने? तिकिटाच्या, असे कोणी म्हणेल. तिकीट हा प्रवेशाचा पुरावा झाला. अधिकाराचा झाला काय?

ताडोबाचे तर नावच पाहा. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालेले हे महाराष्ट्रातले सर्वांत जुने उद्यान. तारू नावाच्या गावप्रमुखाची वाघाशी झुंज झाली, तीत तो मारला गेला आणि पुढे त्याचा देव झाला, अशी आदिवासींची श्रद्धा आहे. तलावाच्या काठी त्याचे ठाणे आहे, आणि पौषात तेथे दर्शनाला येण्याची त्यांची जुनी रीत आहे. वाघाने मारलेल्या माणसाच्या नावाच्या जंगलात आपण उघड्या जीपमध्ये बसून वाघ पाहावयास जातो. वाघाशी त्या माणसाचे नाते भयाचे, झुंजीचे आणि शेवटी भक्तीचे होते. आपले कोणते आहे, याचा विचार एका फेरीपुरता जरी मनात आला तरी ती फेरी वाया गेली असे आम्ही म्हणणार नाही. मग वाघ दिसो वा न दिसो.

व्यंकटेश माडगूळकरांनी एकट्या नागझिऱ्यावर एक संपूर्ण पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्लींनी, जे २०२५ च्या जूनमध्ये आपल्यातून गेले, वनखात्याच्या नोकरीत एकेका जंगलात वर्षे काढली आणि पक्ष्यांच्या, झाडांच्या मराठी नावांनी आपली भाषा श्रीमंत केली. दोन आठवड्यांत चार जंगले ही कल्पना या दोघांपुढे मांडली असती तर ते काय म्हणाले असते, याची कल्पना आम्ही वाचकांवर सोपवतो. आपल्या अंगणातले वांसदा राष्ट्रीय उद्यान १९७९ पासून आहे. पुरते चोवीस चौरस किलोमीटरही नाही, पण दाट सागवानाचे आणि बांबूचे. तेथे वाघ नाही, म्हणून कोणाच्याही आराखड्यात ते नसते. जे जवळ आहे आणि जे दाखवण्याजोगे नाही, त्याची गत आत्यासारखीच.

आराखडा करणे हाच दोष, असा निष्कर्ष मात्र कोणी काढू नये. आपल्याकडे सर्वांत काटेकोर आराखड्याचा प्रवास कोणता, तर पंढरीची वारी. याच महामार्गावर जळगाव-भुसावळच्या पुढे मुक्ताईनगर लागते. तेथून मुक्ताबाईंची पालखी निघते आणि सुमारे महिनाभर चालून आषाढीला पंढरपूरला पोचते. मुक्काम ठरलेले, दुपारचे विसावे ठरलेले, दिंड्यांचा क्रमसुद्धा ठरलेला. तरीही त्या आराखड्यात आणि या आराखड्यात जमीन-अस्मानाचा फरक आम्हाला दिसतो. वारीचा कार्यक्रम वाटेवरच्या गावांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक असतो, आणि त्या गावांचा त्यावर हक्क असतो. अमुक तिथीला पालखी आमच्या गावी जेवेल, हे गाव सांगते. वारकऱ्याला तेथे थांबावेच लागते. आपला आराखडा आपण, हॉटेल आणि बँक यांच्याखेरीज कोणालाच ठाऊक नसतो. वाटेवरच्या कोणाचाही त्यात शब्द चालत नाही. काशीयात्रेची जुनी रीतही अशीच: यात्रेहून आलेल्याने गंगा आणावयाची आणि मावंदे घालून गावाला जेवू घालावयाचे. आपण हिंडून आलो ते इतरांनी आपले घर, गुरे, म्हातारी माणसे सांभाळली म्हणून, ही जाण त्यामागे होती. आता परत आल्यावर आपण छायाचित्रे पाठवतो. ज्यांना ती पोचतात त्यांच्यावर उलट 'छान' म्हणण्याचे ऋण बसते.

हे सगळे आम्ही त्या मुलाला याच भाषेत सांगितले नाही. सांगितले असते तर त्याने पुन्हा आराखडा दाखवला नसता. आम्ही एवढेच सुचवले की, चारांतली दोन जंगले गाळावीत आणि गावी तीन रात्री काढाव्यात. तो हसून म्हणाला, "नाना, जंगलांच्या परवानग्यांचे पैसे भरून झाले आहेत. ते परत मिळत नाहीत. शिवाय गावी मुले कंटाळतात, मोबाइलला रेंज नसते." रेंज नसल्याने मुले कंटाळतात हे गावाच्या विरुद्धचे कारण आहे की गावाच्या बाजूचे, यावर आमचा आणि त्याचा मतभेद झाला आणि तो तसाच राहिला. पैशाचा मुद्दा मात्र खरा होता.

वाट काढली ती सुनेने. जबलपूर, भोपाळ, इंदूर येथली हॉटेले रद्द करता येत होती. कान्ह्याहून नागपूरला येऊन एक रात्र काढावी, आल्या रस्त्याने परतावे आणि शेवटच्या तीन रात्री गावी राहावे, असा तिने हिशेब मांडला. दिवस बरोबर चौदाच भरत होते. तिच्या अटी तीन. स्वयंपाकघरात त्या तीन दिवसांत पुरुषांनी उभे राहावयाचे, पारोळ्याहून कोणाला बोलवावयाचे असेल तर त्यांनी बोलवावे. तिने रात्री गच्चीवर झोपावयाचे आणि सकाळी तिला कोणी उठवावयाचे नाही. आणि एक दिवस ती आणि आत्या अशा दोघीच गाडी घेऊन एरंडोलजवळच्या पद्मालयाला जाणार. आत्याला तेथे जाऊन बारा वर्षे झाली आहेत, हे तिला ठाऊक होते, घरात दुसऱ्या कोणाला नव्हते. मुलाने अटी मान्य केल्या. पीठ कोणी मळावयाचे यावर दोघा भावांत चिठ्ठ्या टाकण्याचे ठरले. राहता राहिला प्रश्न इतकाच की, तुमच्या चुलीपाशी पुरुष उभे राहणार आहेत, हे आत्याला फोनवर कोणी सांगावयाचे. हा मजकूर लिहून होईपर्यंत त्याला कोणी तयार झालेले नव्हते.